मेहेरकाकांची काठी

फोनवरच्या माणसाने काठीला लेप द्यायचाय असं सांगितलं, तेव्हा प्रिसिलाला वाटलं, कुणा म्हाताऱ्याची टेकायची काठी असेल. तिने लगेच होकार दिला. उमेळ्यातल्या आपल्या घराच्या ओटीवर ती सहा वर्षं रेझिनच्या वस्तू करत होती. दारावरच्या नावाच्या पाट्या, लग्नातल्या हाराची फुलं गोठवून ठेवलेले पारदर्शक ठोकळे, किल्ल्यांना लावायचे बिल्ले. तिची एकही वस्तू आजवर परत आली नव्हती आणि हे ती समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. टेकायच्या काठीवर ब्रश फिरवायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली ती एका बाजूने भलामोठा दांडा बाहेर काढूनच. जुन्या लुंगीत गुंडाळलेला तो दांडा आधी उतरला, मग त्याच्या मागोमाग सत्तरीकडे झुकलेला, काळा, रुंद छातीचा माणूस उतरला. शत्रुघ्न मेहेर, राहणार अर्नाळा. शेजाऱ्याच्या दारावरची पाटी बघून त्यांनी नंबर मिळवला होता. लुंगी सोडली तर आत सात फुटांचा, टोकाकडे बारीक होत गेलेला फायबरचा दांडा. मासे गरवायचा रॉड. त्यावर दोरी ओवायच्या सात कड्या होत्या आणि प्रत्येक कडीचे दोन्ही पाय लाल-पिवळ्या रेशमी दोऱ्याने बांधलेले होते. वेढ्याला वेढा इतका घट्ट लागून होता की मध्ये नख शिरलं नसतं.

बांधणी त्यांनी स्वतः केली होती. अडतीस वर्षं त्यांनी बोटीवर काढली, जाळी ओढली, जाळी विणली. दोन वर्षांपूर्वी दोर गुंडाळायच्या यंत्रात उजवा हात सापडला आणि खांदा गेला. हात आता खांद्याच्या वर जात नाही आणि डॉक्टरांनी जाळं ओढायला कायमची बंदी केली. बोट पुतण्या चालवतो. दोन वर्षं घरात बसून कंटाळले तेव्हा त्यांनी हा दांडा मागवला आणि कड्या बांधल्या. पण नुसता दोरा खाऱ्या पाण्यात टिकत नाही. त्यावर इपॉक्सीचा लेप बसला की दोरा काचेखाली गेल्यासारखा होतो आणि कडी हलत नाही. लेप देणारं मात्र त्यांच्या ओळखीत कोणी नव्हतं.

प्रिसिलाने याआधी रॉड हातातसुद्धा धरला नव्हता. पण इपॉक्सी म्हणजे शेवटी रेझिनच, असा विचार करून तिने चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. जाताना काकांनी दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि रिक्षात बसल्यावरही ते मागे वळून बघत होते.

त्याच दुपारी तिने नेहमीचं रेझिन काढलं. ठोकळ्यांसाठी ती एका वेळी पाव किलो कालवायची. इथे चहाच्या चमचाभराचं काम होतं. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर, तिने अंदाजानेच घेतलं, कालवलं, सातही कड्यांवर ब्रशने लावलं, दांडा दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवा ठेवला आणि ती स्वयंपाकाला गेली.

संध्याकाळी पाहिलं तर प्रत्येक कडीच्या खाली लेपाचा थेंब लोंबत होता, आंब्याच्या देठाला चीक यावा तसा. वरची बाजू उघडी पडली होती. सकाळीही थेंब तसाच होता आणि बोट लावलं तर चिकट लागत होतं. शिवाय पिवळा दोरा गायब झाला होता. लेप पिऊन तो पारदर्शक झाला आणि खालचा काळा दांडा दिसू लागला. लाल तेवढा उरला, तोही जुन्या रक्ताच्या डागासारखा.

उन्हात ठेवून बघितलं, पंख्याखाली ठेवून बघितलं. तिसऱ्या दिवशीही चिकटच. ऑक्टोबरचं ऊन होतं, शेजारी नव्या इमारतीचं काम चालू होतं, त्यामुळे आता चिकट लेपावर सिमेंटची धूळही बसली.

काकांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, अजून वाळतंय. दोन दिवसांनी पुन्हा आला, तेव्हाही वाळतंय. तिसऱ्या वेळी तिने हवेला दोष दिला. तिची सासू मार्था खिडकीशी वाल सोलत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "फादरसमोर पापं कबूल करशील तेव्हा किती वेळा खोटं बोललीस ते नीट मोजून सांग हां. तीनदा झालं."

त्या रात्री प्रिसिला जेवली नाही म्हणण्याइतकंच जेवली. नवरा जेन्सन गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याने रॉड उजेडाखाली धरला, थेंब निरखले आणि विचारलं, हा वाळेपर्यंत फिरवायचा असतो ना? तिने बऱ्याच वेळाने मोबाइलवर शोधलं. फिरवायचाच असतो. लेप लावल्यापासून तीन-चार तास, अखंड, हळूहळू, म्हणजे तो खाली ओघळत नाही, सगळीकडून सारखा बसतो. आणि त्यासाठीचं इपॉक्सी वेगळं मिळतं, दोन्ही भाग समसमान, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घ्यायचे. इतक्या थोड्या मालात थेंबभर चूक झाली तरी तो जन्मभर वाळत नाही. हे सगळं पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कळलं असतं.

सकाळी तिनेच फोन लावला. तिने लपवलं काहीच नाही, वाळतंय म्हटलं ते खोटं होतं हेसुद्धा सांगितलं. मग काका म्हणाले, "उद्या येतो," आणि फोन बंद झाला.

ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत ब्लेड होतं, दोऱ्याची रिळं होती आणि डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती. प्रिसिलाने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि आधी रॉड मागितला. थेंबाला बोट लावलं, बोट नाकाशी धरलं. त्यांचा चेहरा बघून तिला वाटलं, आता ओरडतील. पण ते ओटीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी बांधलेलं पयलं जाळं माझ्या बापानं कोयतीनं कापलं, बाय. महिन्याचं काम. म्हनला, मासा बाहेर जाईल तो जाईल, माझी इज्जत पन जाईल. दुसरं बांधलं ते अकरा वर्षं चाललं."

"पण तुमची बांधणी वाया गेली, काका."

"हात वाया गेले नाय ना."

मग दोघं कामाला लागले. प्रिसिलाने केस वाळवायच्या ड्रायरने लेप गरम केला आणि काकांनी कडीच्या पायावर, जिथे खाली धातू आहे आणि दांड्याला ओरखडा जाणार नाही अशा जागी, ब्लेड अलगद ओढलं. दोरा आणि लेप मिळून एकच साल निघाली. सात कड्या, चौदा पाय. मग पुसापुशी, मग नव्याने बांधणी. पिवळा दोरा आता नको, असं तिने सुचवलं. लेप बसला की फिकट रंग मरतात हे ती आता अनुभवाने सांगू शकत होती. काकांनी गडद हिरवा निवडला. त्यांच्या बोटीला खालून तोच रंग होता.

बांधणी संपायला संध्याकाळ झाली. दुपारी मार्थाने त्यांना आपल्या हातचं बोंबलाचं कालवण वाढलं. त्यांनी बोंबील ताजे नाहीत असं प्रामाणिकपणे सांगितलं. मार्थाने उलट विचारलं की मग येताना रिकाम्या हाताने कसे आलात. तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

फिरवायचं यंत्र जेन्सनने शोधलं. गेल्या नाताळात चर्चच्या पॅरिशमधल्या तरुणांनी येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात एक छोटा रहाट केला होता, जुन्या वाड्यांतल्या विहिरींवर असायचा तसा, गाडगी भरून वर आणणारा. त्याची मोटर जेन्सनकडेच पोटमाळ्यावर होती. मिनिटाला आठ-दहा फेरे, त्याहून जास्त नाही. त्याने मोटरच्या दांडीवर प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण बसवलं, त्यात रॉडचा बुंधा रबराने आवळला आणि पुढच्या दोन टेकूंसाठी खोक्यांना खाचा पाडल्या. डिसेंबर लागायच्या आत मोटर परत हवी, एवढी एकच अट त्याने घातली.

योग्य इपॉक्सी येईपर्यंत आठवडा गेला. गुरुवारी सकाळी काका पुन्हा आले, या वेळी चार ताजे पापलेट घेऊन. ते थेट मार्थाच्या हातात गेले.

साडेनऊला पुढच्या खोलीत सुरुवात झाली. इमारतीच्या धुळीमुळे सगळ्या खिडक्या बंद, पंखा बंद, घरात चुलीपुढे बसल्यासारखा उकाडा. प्रिसिलाने दोन सिरिंज घेतल्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर, दोन्ही रेषेला रेष लावून. बुडबुडे येऊ नयेत म्हणून पाच मिनिटं अगदी सावकाश कालवलं, अॅल्युमिनियमच्या कागदावर पसरलं, आत अडकलेली हवा निघून जाऊ दिली. मग मोटर सुरू केली. रॉड डौलात फिरू लागला. तिने ब्रश नुसता टेकवून धरला, लेप आपोआप दोऱ्यावर चढत गेला. हिरवा रंग ओला झाला आणि खोल झाला. सातवी कडी झाली तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला. बाकी राहिलेले दोन-तीन बुडबुडे तिने स्पिरिटच्या दिव्याची ऊब दुरून दाखवून फोडले.

अकराच्या सुमाराला बाहेर काहीतरी मोठ्याने खरडल्याचा आवाज आला आणि मोटर थांबली. इमारतीसाठी खणणाऱ्या जेसीबीने जमिनीतली वायर तोडली होती. सगळ्या आळीची वीज गेली.

प्रिसिला रॉडकडे बघत राहिली आणि तेवढ्यात पहिल्या कडीखाली लेप जाड व्हायला लागला. काकांनी तिच्याआधी उठून बुंधा झाकणातून सोडवला, मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून फिरवायला सुरुवात केली. जाडी हळूहळू पुन्हा पसरली.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

तिने हिशेब केला. अजून निदान दीड तास तरी फिरवावा लागेल.

त्यांनी वीस मिनिटं फिरवला. मग त्यांचा खांदा कापायला लागला. रॉडचं टोक थरथरताना प्रिसिलाने पाहिलं आणि तो आपल्या हातात घेतला. वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. वेगाने फिरवला तर लेप उडतो, हळू फिरवला तर ओघळतो, आणि मन जरा इकडेतिकडे गेलं की वेग बदलतो. तिचा घाम हनुवटीवरून गळत होता आणि तो रॉडवर पडू नये म्हणून तिरकी ठेवून मान अवघडली. तीन वेळा तिचा हात चुकला.

मार्था हे सगळं दारातून बघत होती. ती आत गेली, आपली रोझरीची माळ घेऊन आली आणि सुनेला बाजूला सरकायला सांगितलं.

"एका मण्याला दोन फेरे," ती म्हणाली. "माझी चाल चुकत नाही. चाळीस वर्षांत चुकली नाही."

आणि खरोखरच चुकली नाही. माळ तिने गुडघ्यावर ठेवली होती, डाव्या हाताने मणी पुढे सरकत होते, उजव्या हाताने रॉड फिरत होता. प्रार्थना ती पुटपुटत होती आणि त्या पुटपुटण्याला समुद्रातल्या हलक्या लाटेसारखी एक लय होती. येशूच्या आयुष्यातल्या रहस्यांचे चार संच, एका माळेला एक; गुरुवार प्रकाशाच्या रहस्यांचा, ती झाली. मग तिने आनंदाची घेतली. काका समोर भिंतीला टेकून खांदा चोळत बसले होते. थोड्या वेळाने त्यांचीही मान त्या लयीत हलू लागली.

दोन माळांच्या मध्ये मार्था पाणी प्यायला थांबली, तेव्हा रॉड प्रिसिलाने धरला. मार्थाने काकांना विचारलं की एवढी सुंदर काठी घेऊन ते गरवायला बसणार कुठे, जेट्टीवर का? मग त्यांनी सांगितलं ते प्रिसिलानेही पहिल्यांदाच ऐकलं. जेट्टीवर ते जाणार नव्हते. किल्ल्याच्या बाजूला, होड्या लागत नाहीत तिथे, दुपारी कोणी नसताना जायचं त्यांनी ठरवलं होतं. जाळ्याचा माणूस एका गळावर बसलेला कुणी बघू नये. पुतण्याच्या बोटीवरची पोरं ही काठी बघून एकदा हसली होती.

"हसू दे की," मार्था म्हणाली. "माझ्या नवऱ्याची केळीची वाडी होती. बायपास झाल्यावर डॉक्टरने कुदळ बंद केली, तर ते डब्यात कोथिंबीर लावायचे. सगळी आळी हसायची. आणि सकाळी त्याच सगळ्या बायका कोथिंबीर मागायला माझ्या दारात."

काका हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि मोठ्याने.

दुःखाची रहस्यं संपली आणि गौरवाची अर्ध्यावर आली तेव्हा प्रिसिलाने कागदावर उरलेल्या लेपाला काडी लावून बघितली. काडीला तार सुटली नाही. लेप धरला होता. तरीही मार्थाने माळ अर्धवट सोडली नाही. पूर्ण केली, क्रूस कपाळाला लावला, मगच हात थांबवला. पावणेएकला वीज आली आणि मोटर रिकामीच फिरू लागली. कुणी ती बंद करायला लगेच उठलं नाही.

रॉड रात्रभर तसाच खोक्यांवर राहिला. मार्था आणि जेन्सन त्या खोलीत पाऊल न टाकता मागच्या दाराने ये-जा करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले, तेव्हा प्रिसिलाने खिडक्या उघडल्या आणि उजेडात रॉड त्यांच्या हातात दिला. सातही कड्यांवर लेप काचेसारखा बसला होता आणि आत हिरव्या दोऱ्याचा एकेक वेढा मोजता येत होता. फक्त चौथ्या कडीपाशी टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा राहिला होता. तिला तो सकाळपासून खुपत होता. तेवढी एक कडी पुन्हा करून देते, असं ती म्हणाली. काकांनी रॉड झटकन लुंगीत गुंडाळला.

"आता तुला अजून काय दिसायच्या आत मी जातो," ते म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना अर्नाळ्याला बोलावलं होतं. प्रिसिलाला वाटलं होतं, किल्ल्याच्या बाजूला कुठेतरी जायचं असेल. पण काका त्यांना सरळ जेट्टीवर घेऊन गेले. भरती चढत होती. होड्यांवर माणसं होती, जाळी पसरलेली होती आणि पुतण्याची बोटही तिथेच होती. काकांनी कुणाकडे बघितलं नाही. गळाला कोलंबी टोचली, शिशाचं वजन तपासलं आणि हात खांद्याच्या वर न नेता कमरेतून वळून, बाजूने, रॉड असा फिरवला की दोरी सुं करत लांब गेली आणि वजन पाण्यात दूर पडलं. हा फेकायचा प्रकार त्यांनी घराच्या अंगणात लिंबू बांधून शिकून घेतला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पहिला अर्धा तास काहीच नाही. पोरांपैकी एकाने विचारलंच, काका, संध्याकाळच्या कालवणाचं काय. मग टोक दोनदा वाकलं. काकांनी घाई केली नाही. दांड्याला लावलेलं रीळ सावकाश फिरवून दोरी गुंडाळली आणि पाण्यातून वर आला तो हाताएवढा शिंगाळा, मिशा हलवत. पोरं हसली, काकाही हसले. मग बोटीवरून एक जण उडी मारून आला आणि मासा न बघता रॉडच बघायला लागला. कड्यांवरून त्याने अंगठा फिरवला, लेप बघितला आणि विचारलं, कुठे केलं हे. काकांनी नुसती प्रिसिलाकडे मान केली. चौथ्या कडीवर अंगठा गेला तेव्हा प्रिसिला दुसरीकडे बघत होती.

तोवर मार्थाने चपला काढून ठेवल्या होत्या. तिने काकांच्या हातातला रॉड मागितला. त्यांनी तिला बोट कुठे ठेवायचं, दोरी केव्हा सोडायची हे दोनदा समजावलं. पहिल्यांदा वजन मागे जेन्सनच्या शर्टाला लागलं. दुसऱ्यांदा ते अगदी पायाशीच पडलं. तिसऱ्यांदा दोरी पाण्यावरून गेली, फार लांब नाही, पण सरळ. मार्था पदर खोचून उभी राहिली आणि टोकाकडे बघत राहिली.

तासाभराने जेन्सनने घरी निघायचं नाव काढलं. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.